चार महिन्यांची खुर्ची

१

बुधवारी सकाळी सात वाजता फर्नने जाळीच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि अशी किंचाळली, की माझ्या हातातली कॉफी बुटांवर सांडली.

"एकतीस नंबर नाहीये!"

बस, एवढंच. पण आमच्या वेस्ट बेनेट पोस्टातल्या झाडून सगळ्या पोस्टमनांचे हात जागच्या जागी थांबले. एकतीस नंबर म्हणजे किल्ली. साखळीला लटकणारी, बोटाएवढी. पण गावातली एकूण एक पत्रपेटी तिने उघडते. पत्रांतले चेक लुटायला ही किल्ली हवी म्हणून चोर पोस्टमनच्या कपाळाला पिस्तूल लावतात. शहरात वर्षभर हेच चाललं होतं. सप्टेंबरात आमच्याकडेही झालं. नऊ नंबरच्या बीटवर, म्हणजे पत्रं वाटायच्या त्याच्या ठरलेल्या रस्त्यांवर, भर दुपारी, आमच्या एमेट स्कोगलंडला लुटलं. तेव्हापासून मागे गाडी हळू झाली तरी आमच्या माना वळायच्या.

मंगळवारी एकतीस नंबर ओरेथा पिंकनीकडे होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम सुटलं म्हणून आमच्यात आली. नोकरीचा अठ्ठ्याहत्तरावा दिवस होता तिचा. आणि आमच्यात पहिले नव्वद दिवस पाण्यावरचे. साहेब 'नको' म्हणाला की घरी, युनियनला तोंडसुद्धा उघडता येत नाही.

"मी परत दिली," ओरेथा म्हणाली. "जाळी बंद होती म्हणून साहेबांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवली. देवाशपथ."

"रजिस्टरात नेल्याची सही आहे. दिल्याची नाही," ड्वेन म्हणाला. ड्वेन आमचा बदली साहेब.

तेवढ्यात पोस्टमास्तरबाई आल्या. त्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"शुक्रवारी नऊला इन्स्पेक्टर येतायत," त्या म्हणाल्या. "तोवर किल्ली आली नाही, तर मिसेस पिंकनी, तुमचा तो शेवटचा दिवस. आणि ड्वेन, उद्या ग्लेन गुडघ्याचं ऑपरेशन उरकून परत येणार होता ना? त्याला कळव, सोमवारी ये म्हणावं. तुझ्या राज्यात हरवली, तर उत्तरंही तूच दे. शुक्रवार संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही."

बाई गेल्या. मी मागच्या दाराकडे बघितलं. त्याचं कुलूप आतून लागतं. खिडक्यांना गज आहेत. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी बाहेरचा कोणी आत आलेला नव्हता.

किल्ली आमच्यातल्याच कोणीतरी नेली होती. आणि तो आत्ता या खोलीत उभा राहून माझ्यासारखीच कॉफी पीत होता.

२

मी बर्ट होलाक. तेहतीस वर्षं झाली झोळी खांद्यावर टाकून. शाळा अर्धी सोडली, पण युनियनचा करार मला तोंडपाठ आहे. वाचून नाही झाला, भांडून झाला. इथे युनियनचा माणूस मीच.

ओरेथा माझ्याजवळ आली, हळू आवाजात म्हणाली, "बर्ट, तू काही करू शकत नाहीस, माहितेय मला. पण माझ्या नवऱ्याचं औषधपाणी याच नोकरीवर चाललंय. तू निदान शोध तरी."

युनियन भांडू शकत नाही असं करारात आहे. म्हाताऱ्याने चार लोकांना प्रश्न विचारू नयेत असं कुठे लिहिलंय?

पहिली फर्न. किल्ल्या देणं-घेणं तिच्याकडे.

"मी साडेचारला जाळी बंद केली," ती म्हणाली. डोळे लाल झालेले. "चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम होती. चार जण यायचे बाकी होते. ड्वेनला म्हटलं, तुझ्या ट्रेमध्ये घे आणि कपाटात टाक. बर्ट, माझी पण जाणार का रे नोकरी?"

"आधी नाक पूस. कपाटात किती होत्या सकाळी?"

"त्या चारातल्या तीन."

मग ड्वेन. त्याची गोष्ट आधी सांगतो. ग्लेन म्हणजे खरा साहेब, तो ऑगस्टात गुडघ्यासाठी घरी बसला, तेव्हा पोस्टमन असलेल्या ड्वेनला बदली साहेब केलं. असं कोणाला खुर्चीवर बसवलं की फॉर्म भरायचा: कधी बसला, कधी उतरला. एक प्रत मला. ड्वेन सहा ऑगस्टला बसला. तो फॉर्म मी युनियनच्या फळ्यावर टाचला, सगळ्यांना दिसावा म्हणून. पुढचे फॉर्म बुटांच्या खोक्यात टाकत गेलो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माणसं कमी पडली तेव्हा बिचाऱ्याने खुर्ची सोडून सहा दिवस झोळी पण उचलली होती आणि पहिल्या ऑक्टोबरला परत चढला. माणूस वाईट नाही. फक्त खुर्चीवर बसल्यावर खाकरून बोलायची सवय लागली.

"ट्रे समोर होता, मग मोजल्या का नाहीस?" मी विचारलं.

ड्वेन खाकरला. "मी मागे धक्क्यावर होतो. पाचचा ट्रक भरायचा होता. ड्रायव्हर घाई करत होता, त्याच्याशी वाजलं माझं. परत आलो आणि ट्रे उचलून सगळा कपाटात रिकामा केला."

"न मोजता."

"न मोजता," तो म्हणाला आणि एकदम साहेबाचा साधा पोस्टमन झाला. "बर्ट, मला ही खुर्ची नको रे. माझी पंधरा नंबर बीट बरी. सपाट रस्ता, दुतर्फा झाडं, म्हाताऱ्या बायका दारात बिस्किटं घेऊन उभ्या."

पंधरा नंबरवर अख्ख्या पोस्टाचा डोळा होता, एक माझा सोडून. मला माझे जुने रस्तेच बरे.

शेवटी एमेट. माझ्यानंतर सगळ्यात जुना तो, चोवीस वर्षं. ओरेथाच्या पाठोपाठ पावणेपाचला तो आत आला होता, त्या चारांतला शेवटचा. माझा दोस्त. लुटलं तेव्हा दोन आठवडे घरी होता. परत आला त्या दिवशी स्वतःच म्हणाला होता, "चोराला म्हटलं, किल्ली ने, पण बाबा ही बिलांची थैली पण ने ना!" आम्ही पोट धरून हसलो होतो.

"ट्रेमध्ये ओरेथाची किल्ली बघितलीस का?"

"किल्ल्यांचा ढीग होता. मी माझी टाकली आणि निघालो." खिशात हात घालून त्याने पेपरमिंटची गोळी काढली. सिगारेट सोडल्यापासून रोज ओढल्यासारख्या खातो. "घे. घसा बसलाय तुझा."

गोळीला खिशातला धागा चिकटलेला होता. मी तो उपटला आणि गोळी तोंडात टाकली.

"बाई राहील ना रे?" एमेटने विचारलं. "ओरेथा?"

"शुक्रवारपर्यंत किल्ली आली तर."

"येईल," तो म्हणाला. "हरवलेल्या गोष्टी येतात परत."



३

त्या दुपारी मी भ्यालो. खरं सांगतो, आयुष्यात एवढा कधी नाही.

एल्म रस्त्याच्या टोकाला पत्रपेटी आहे. पेटीपाशी वाकलो, कमरेची साखळी ओढून किल्ली हातात घेतली आणि मागे चाकाखाली बर्फ करकरला. राखाडी गाडी. मघाशी दोन गल्ल्या मागे पण होती. आता पायी चालणाऱ्याच्या वेगाने येत होती. माझ्याशेजारी येऊन थांबली. काच खाली यायला लागली.

मी ना पळालो, ना ओरडलो. हातात ती किल्ली, आणि मला वाटलं, टाकून द्यावी बर्फात. घ्या बाबांनो, न्या.

"ओ पोस्टमनकाका," आतली मुलगी म्हणाली, "मेडो लेन कुठे आली? अर्धा तास फिरतेय मी."

मी हात करून दाखवली. ती गेली. मी पेटीला पाठ टेकून खाली बसलो. बर्फात, पत्रं मांडीवर घेऊन. किती वेळ ते आठवत नाही.

आणि तिथे बसल्या बसल्या डोक्यात आलं: एमेटने खरंच पिस्तूल बघितलं. आणि तिसऱ्या आठवड्यापासून तो रोज त्याच नऊ नंबरला जातो, रोज तीच पेटी उघडतो. मी त्याला कधी विचारलं? परत आला त्या दिवशी विचारलं होतं, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "बरा." मी म्हटलं, "शाबास."

झालं. एवढीच माझी युनियन.

संध्याकाळी परत आलो तर फर्न दारातच. "बर्ट, विचित्र आहे बघ. गावातल्या सगळ्या पेट्या तपासल्या. एकीलाही कोणी हात लावलेला नाही."

"अख्खा दिवस झाला की."

"तेच म्हणतेय. किल्ली चोरली आणि वापरलीच नाही? मग चोरली कशाला?"

४

तो प्रश्न घेऊन मी घरी गेलो आणि तोच घेऊन गुरुवारी सकाळी परत आलो. खणांत पत्रं लावता लावता विचार करत होतो. हात आपले आपण चालतात, तेहतीस वर्षांची सवय.

चोराने ट्रेमधल्या चारपैकी एकच नेली. विकायची असती तर चारही नेल्या असत्या. पेट्या उघडायच्या असत्या तर उघडल्या असत्या. म्हणजे त्याला किल्ली नकोच होती. किल्ली जायला हवी होती, बस.

मग किल्ली गेल्यामुळे बदललं काय? ओरेथाच्या गळ्याला फास लागला. पण तिचं वाईट चिंतणारा इथे कोणी नाही. ती सगळ्यांना मक्याचा केक आणते.

दुसरं काय बदललं?

माझा हात खणात थांबला.

ग्लेन आला नाही. ड्वेन खुर्चीवरच राहिला.

करारात एक कलम आहे. पोस्टमन सलग चार महिन्यांच्या वर बदली साहेब राहिला, की त्याची स्वतःची बीट गेली. ती रिकामी धरायची, फळ्यावर लावायची, ज्याला हवी त्याने अर्ज करायचा, आणि अर्ज करणाऱ्यांत ज्याची नोकरी जुनी त्याला ती द्यायची. एका बुडाने दोन जागा अडवू नयेत म्हणून आम्हीच भांडून मिळवलेलं कलम.

मी फळ्यापाशी गेलो. ड्वेनचा फॉर्म: सहा ऑगस्ट. आज सहा डिसेंबर. ग्लेन आज आला असता तर ड्वेन आजच उतरला असता, काठावर वाचला असता. पण बाईंनी त्याला शुक्रवारपर्यंत अडकवलं. चार महिने आणि वर एक दिवस. पंधरा नंबर रिकामी.

पण नाही ना होत! ड्वेन सप्टेंबरात सहा दिवस खाली उतरला होता. मोजणी तिथे तुटली, नवी सुरू झाली पहिल्या ऑक्टोबरपासून. इथल्या प्रत्येकाने त्याला त्या आठवड्यात झोळी घेऊन जाताना बघितलंय, 'काय साहेब, पाय दुखतात का' म्हणून चिडवलंय. कोण गाढव एवढं चुकीचं मोजेल?

जो त्या आठवड्यात इथे नव्हता, तो. ज्याने फक्त हा फळा बघितला, तो.

आणि सप्टेंबरचे फॉर्म मी फळ्यावर लावलेच नव्हते. ते माझ्या बुटांच्या खोक्यात होते.



पण नुसत्या डोक्यातल्या हिशोबावर मी कोणाचा गळा धरत नाही. दुपारी जेवायच्या खोलीत सगळे बसले होते. ओरेथा कोपऱ्यात, डबा न उघडता. मी सँडविच काढलं आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, "काय रे, उद्या ड्वेनचे चार महिने उलटतायत. पंधरा नंबर फळ्यावर लागली, तर अर्ज कोण कोण टाकणार?"

फर्न हसली. "म्हातारा झालास तू! तो सप्टेंबरात उतरला नव्हता का? माझ्यासमोर कुत्रं मागे लागून पळत आला होता."

"सहा दिवस!" ड्वेन दारातून ओरडला. "अजून फोड आहेत पायाला. पंधरा नंबर माझी आहे, कोणी स्वप्नं बघू नका."

सगळे हसले. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले.

एमेट हसला नाही. त्याने चमचा खाली ठेवला, सूपच्या वाडग्याशेजारी, अगदी हळू, काचेचा असल्यासारखा. तोंड पांढरं फटक.

"उतरला होता?" तो म्हणाला. "कधी?"

५

मी त्याला बाहेर गाड्यांपाशी नेलं. आम्ही त्याच्या टपालगाडीत बसलो. त्याने दारं आतून लावली, मग दोनदा ओढून बघितली.

"डबा कुठाय तुझा?" मी विचारलं. "पेपरमिंटचा, पत्र्याचा. काल गोळ्या सुट्ट्या होत्या खिशात."



"पाठवून दिला," तो म्हणाला. "किल्ली त्यात ठेवली, वर खाकी कागद गुंडाळला, पत्ता लिहिला 'पोस्टमास्तर, वेस्ट बेनेट', आणि पाचच्या ट्रकच्या थैलीत टाकला. ड्वेन तेव्हा ड्रायव्हरशी भांडत होता."

"पोस्टाने?"

"पोस्टाने. जवळ कशी ठेवू बर्ट? ती किल्ली घरात ठेवून मी झोपू शकलो असतो? थैली शहरात जाते, टपालाची छाटणी होऊन इथे परत येते. म्हटलं शुक्रवारी सकाळच्या ट्रकने येईल. किल्ली हरवली की चौकशी होईतो बाई साहेबाला खुर्ची सोडू देणार नाहीत, ड्वेन तोवर अडकेल, मग किल्ली सापडेल, कोणाचं काही जाणार नाही."

"लेका, डिसेंबर आहे! नाताळची पार्सलं तिकडे छपरापर्यंत लागलीत. चोवीस वर्षं पोस्टात काढलीस आणि पोस्टावर विश्वास ठेवलास?"

तो हसायला गेला, पण हसू निघालं नाही.

"आणि ओरेथाचीच का?"

"बघितलंच नाही रे मी! माझी टाकली, हाताला लागली ती उचलली. नजर धक्क्याकडे होती. सकाळी फर्न नंबर ओरडली तेव्हा कळलं." त्याने तोंड हातांनी झाकलं. "माझीच उचलली असती तर मला फार तर चार दिवस घरी बसवलं असतं."

"मला सांगायचं होतंस. नऊ नंबर नको म्हणून."

"काय सांगणार होतो? बीट बदलायची तर रिकामी लागते. आणि मी सगळ्यांना हसवून बसलो होतो ना." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "त्या पोराच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता बर्ट. अजून त्या पेटीपाशी गेलो की येतो. मी रोज पाठ भिंतीला लावून पेटी उघडतो. कधी कधी उघडतच नाही. रिकामी होती म्हणून लिहितो."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. तो बर्फासारखा होता.

"उद्या सातचा ट्रक येतो," मी म्हटलं. "आली तर मी तोंड शिवून घेईन. नाही आली तर?"



६

शुक्रवारी सातच्या ट्रकपाशी आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी उभे होतो. एकेक पिंजरागाडी उतरवली. एकेक पार्सल हातात घेऊन उलटं-सुलटं केलं. सॉक्स, बाहुल्या, कोणाचा तरी मध. खाकी कागदातला छोटा डबा नाही.

"परत बघू," एमेट म्हणाला. परत बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं.

आठ वाजता ओरेथा आली. चेहरा धुतलेला, केस नीट बांधलेले, चर्चला निघाल्यासारखी. खणातलं तिचं सामान एका पिशवीत भरायला लागली. हातमोजे, पाण्याची बाटली, नातवाने काढलेलं पोस्टाच्या गाडीचं चित्र. चित्राची टाचणी निघेना, ती नखाने उकरत राहिली.

एमेट ते बघत होता. मी एमेटकडे बघत होतो. मी बोललो असतो, खरंच बोललो असतो. पण देवाला म्हणत होतो, माझ्यावर वेळ आणू नकोस.

नऊला पाच कमी असताना काळी गाडी आली. कोट घातलेले दोघं आत आले, बूट झाडले, बाईंच्या खोलीत गेले. दार लागलं.

"मिसेस पिंकनी," आतून बाईंचा आवाज आला.

ओरेथा उठली. एमेट तिच्या आडवा गेला.

"बस तू," तो म्हणाला. "ते चित्र परत लाव." मग माझ्याकडे वळला. "बर्ट, करारात आहे ना, आत जाताना युनियनचा माणूस शेजारी बसतो?"

"आहे."

"मग चल. एकट्याला भीती वाटते मला."

चोवीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आत गेलो. त्याने सगळं सांगितलं, एकही विनोद न करता. मी खोक्यातून सप्टेंबरचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हा मी फळ्यावर लावला असता तर आज आपण कोणीच इथे नसतो.

डबा पुढच्या मंगळवारी आला. एका कोपऱ्याला चेपलेला, किल्ली आत, शिवाय एक गोळी.

एमेटची नोकरी गेली. मी चौदा महिने भांडलो, तेव्हा त्याचं पेन्शन वाचलं. तो आता बहिणीकडे असतो, तळ्याकाठी. फोनवर बोलतो, कधी बोलत नाही. ओरेथाने नव्वद दिवस पुरे केले, आणि एमेटशी पहिल्यांदा बोलली तीच. मक्याचा केक घेऊन गेली होती.

एमेट गेला म्हणजे त्याची बीटही रिकामी झाली. जानेवारीत नऊ नंबर फळ्यावर लागली. दहा दिवस अर्ज घेतात. नऊ दिवस तो कागद कोरा. सगळे त्याच्यासमोरून नजर चुकवून जायचे. कोणीच अर्ज केला नाही, तर ती सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडते. म्हणजे ओरेथाच्या.

दहाव्या दिवशी मी पेन मागितलं.

"वेड लागलं का तुला?" फर्न म्हणाली. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुझी!"

लागलं असेल. आता रोज दुपारी एकच्या सुमाराला मी त्या पेटीपाशी असतो. पाठ भिंतीला. किल्ली फिरवताना हात थरथरतो, अजून थरथरतो. परत आलो की ओरेथा विचारते, "बर्ट, बरा आहेस ना?"

मी म्हणतो, "नाही गं. बस जरा."

आणि ती बसते.